मांजराचे आतले अवयव लक्षात कसे ठेवायचे?

पहिलंवर्ष_शिरवळ: बीव्हीएससीच्या, म्हणजे पशुवैद्यकीच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. घरी म्हशी, त्यामुळे कोठीपोट-जाळीपोट हे त्यांच्या पोटाचे कप्पे लगेच डोळ्यांसमोर येतात. मांजराचं मात्र रात्री पाठ केलेलं सकाळी उडून जातं. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, जवळ आलीय. काय करू?

कोल्हापूरची_डॉक्टर: अगं, म्हशी माहीत आहेत ना, मग त्यांच्याशीच ताडून बघ. म्हशीची डावी बाजू कोठीपोटानं भरलेली, म्हणून डावं मूत्रपिंड उजवीकडे ढकललं जातं. मांजराचं जठर एकच आणि लहान. त्याच्या डाव्या कडेनं लांबट प्लीहा. मूत्रपिंडं आपापल्या बाजूला. उजवं जरा पुढे, यकृताला टेकलेलं, डावं मागे आणि सैल.

हे हातानं शिक. शांत मांजर टेबलावर उभं करायचं, शेवटच्या बरगडीमागे एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि हलकेच मिटत आणायची. डावं मूत्रपिंड बोटांतून सटकतं. साधारण ४ सेंटिमीटर लांब, गुळगुळीत. म्हशीसारखे उंचवटे नाहीत. व्हायव्हाला कुत्र्याचं आणि मांजराचं शेजारी ठेवलं तर आवरणावर पसरलेल्या शिरा बघ. त्या दिसल्या की मांजर.

कामांचं म्हणशील तर प्रत्येक अवयवाला एक आजारी मांजर जोड. ताप आला म्हणून घरचे पॅरासिटामॉल देतात. ते निकामी करून बाहेर टाकायला लागणारी ग्लुक्युरोनिडेशनची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्ताला प्राणवायू नेता येईनासा होतो, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. असं एक मांजर टेबलावर बघितलंस की यकृताचं काम जन्मात विसरणार नाहीस.

स्वादुपिंडाची मुख्य नळी आणि पित्तनळी लहान आतड्यात शिरतानाच एकत्र येतात. म्हणून मांजरात यकृत, स्वादुपिंड, आतडं तिन्ही एकदम सुजलेली सापडतात. ट्रायडायटिस म्हणतात तो हाच.

मनीची_आई: मी डॉक्टर नाही, घरी मांजरं आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात, दोन दिवस खाल्लं नाही तर वाट बघू नका. ते यकृतामुळेच का?

कोल्हापूरची_डॉक्टर: हो ताई, बरोबर सांगतात. उपास पडला की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साठते. जाड मांजराला धोका जास्त. कान-डोळे पिवळे दिसायच्या आधीच आणा.

परळ_अंतिमवर्ष: फुप्फुसाचे लोब, म्हणजे भाग, उजवीकडे चार, डावीकडे दोन, एवढं पक्कं कर. हृदयासोबत टॉरिन हे पोषकद्रव्य वाच. १९८७ मध्ये दिसून आलं की खाण्यात टॉरिन कमी पडलं की मांजराच्या हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगतं, आणि टॉरिन दिल्यावर सुधारतं. टॉरिन मांसातून मिळतं, म्हणून नुसत्या दूध-भातावर मांजर ठेवायचं नाही.

पहिलंवर्ष_शिरवळ: खूप आभार मॅडम, दादा. आंधळ्या आतड्याला अपेंडिक्स असतं का?

कोल्हापूरची_डॉक्टर: नाही. मांजराचं आंधळं आतडं अगदी छोटं, स्वल्पविरामासारखं. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे शोध. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला आतडी बाहेर काढायच्या आधी सगळं जागच्या जागी एकदा बोटानं फिरून बघ. एकदा बाहेर काढली की डावं-उजवं कळत नाही.