दूरच्या वसाहतीतल्या अधिकाऱ्याला आवरायचं कोणी? स्पेन, पोर्तुगाल, डच, इंग्लंड

प्रश्न: ‘स्पेनचा कारभार केंद्रित, इंग्लंडचा सैल’ यापुढे तुलना सहसा जात नाही. पत्राचं उत्तर यायला कित्येक महिने लागत, तेव्हा समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला प्रत्यक्षात आवरत कसं?

प्रतिसाद १: स्पेनचं मुख्य हत्यार म्हणजे ‘रेसिदेन्सिया’. मुदत संपली की चौकशी जाहीर व्हायची. कोणालाही, अगदी मूळ रहिवाशांनाही, तक्रार करता येई आणि निकाल लागेपर्यंत अधिकाऱ्याला तिथून हलता येत नसे. शिवाय पदावर येतानाच जामीन द्यावा लागे. अडचण अशी की चौकशी करणारा बहुधा त्याच्याच जागी आलेला माणूस असे. उद्या आपलीही पाळी आहे हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे मिटवामिटवी होई.

प्रतिसाद २: खरी कीड पदविक्रीची. पैशाची चणचण भागवायला राजानं १६३३ पासून खजिन्याची पदं विकली आणि १६८७ पासून आउदिएन्सियातली न्यायाधीशपदंही. आउदिएन्सिया म्हणजे व्हाइसरॉयवर वचक ठेवणारं उच्च न्यायालय, तेच विकायला काढलं! पेरूतले कॉरेहिदोर (जिल्ह्याचे अधिकारी) आपला खर्च वसूल करायला गावकऱ्यांच्या गळ्यात खेचरं आणि कापड चढ्या भावानं मारत. १७८० च्या, मूळ रहिवाशांचा पुढारी तुपाक आमारू याच्या उठावामागे हा जाच होताच. पहिला फाशी गेला तो कॉरेहिदोर आर्रियागा. पोर्तुगालचंही तसंच. किल्ल्यांच्या कप्तानक्या चाकरीचं बक्षीस म्हणून साधारण ३ वर्षांसाठी मिळत, मग तेवढ्यात हात धुऊन घ्यायची घाई.

प्रतिसाद ३: इंग्लंडच्या अमेरिकेतल्या वसाहतींत उलटं घडलं. गव्हर्नर राजाचा, पण पगार मंजूर करणार स्थानिक विधानसभा. मॅसॅच्युसेट्समध्ये तो वर्षावर्षाला मंजूर होई. कायमचा पगार ठरवा म्हणून गव्हर्नर बर्नेट १७२८ मध्ये अडून बसला, पण सभा नमली नाही. व्हर्जिनियात मात्र निर्यात तंबाखूच्या दर पिंपामागे २ शिलिंग कर कायमचा लावलेला होता. त्यातून पगार भागे, म्हणून तिथल्या गव्हर्नरला सभेपुढे हात पसरावे लागत नसत. एकाच साम्राज्यात एवढा फरक! त्यामुळे तुलना करताना राजाची सनद वाचण्याआधी पगार कुठून येतो ते बघा.

प्रतिसाद ४: डच ईस्ट इंडिया कंपनीला (स्थापना १६०२) हीच फूटपट्टी लावा. सूत्रं १७ संचालकांच्या हाती, त्यांपैकी ८ एकट्या ॲमस्टरडॅमचे. बटाव्हियाला (आजचं जकार्ता) गव्हर्नर-जनरल आणि त्याचं मंडळ. नोकरांना खाजगी व्यापाराची बंदी, पण पगार तुटपुंजा. मग परतणाऱ्या जहाजांत स्वतःचा माल दडवला जाई, आणि तो पकडायचा ज्यांनी, त्यांचाही त्यात वाटा असे.