तातडीची मदत: मिडलसेक्स काउंटीच्या शेरीफचं ऑफिस कुठे आहे?

पन्हं_हवं
मंडळी, घाईत आहे, थोडक्यात लिहितो. अमेरिकेत मिडलसेक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) माझा कंडो, म्हणजे फ्लॅट आहे. भाडेकरूने 3 महिने भाडं दिलेलं नाही, फोनही उचलत नाही. नोटीस टाइप करून तयार आहे, ती शेरीफकडून (कोर्टाचे कागद बजावणारा काउंटीचा अधिकारी) बजावून घ्यायची आहे. पण शेरीफचं ऑफिसच सापडत नाहीये! मी आता पुण्यात असतो, दोन रात्री जागून फोन लावतोय. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, हा पत्ता आमच्या हद्दीतला नाही. कुणाकडे नंबर असेल तर द्या. "वकील करा" सोडून काहीही सांगा.

इझलिनचा_इनामदार
ऑफिस न्यू ब्रन्सविकला आहे. आमच्याकडे शेरीफ दर 3 वर्षांनी निवडून येतो, निवडणूक आली की रस्त्याकडेला नुसत्या पाट्या. पुन्हा फोन करा, दुसरं कुणीतरी उचलेल.

पन्हं_हवं
अहो तिथेच तर केला होता!

टेक्सासतात्या
शेरीफच्या नादाला लागूच नका, कॉन्स्टेबल गाठा. आमच्याकडे प्रत्येक प्रिसिंक्टचा (काउंटीतल्या एकेका भागाचा) कॉन्स्टेबल लोकांनी निवडलेला असतो. कागद तोच बजावतो, घर तोच रिकामं करून देतो. आपल्या पुण्याच्या हवालदारासारखा समजू नका, मोठा मान आहे. माझं डॅलसचं घर असंच सोडवलं.

इझलिनचा_इनामदार
तात्या, ते न्यू जर्सीबद्दल विचारतायत.

थंडीने_गारठलेला
कशावरून? मिडलसेक्स मॅसॅच्युसेट्समध्येही आहे, केंब्रिज आणि लोवेल त्यातच येतात. गंमत म्हणजे 1997 साली ते काउंटी सरकारच मोडीत काढलं, पण शेरीफ राहिला. अजूनही 6 वर्षांसाठी निवडून येतो.

खडीसाखर
पन्हंभाऊ, राज्य कोणतं? गाव कोणतं? आणि नोटीस म्हणजे नेमकं काय: घर सोडा अशी, कोर्टाचं समन्स, की ताबा घेण्याचा हुकूम? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

पन्हं_हवं
राज्य लिहिलं नाही का? कनेटिकट. गाव क्रॉमवेल. कंडो घेतला तेव्हाच्या धाग्यात सगळं लिहिलं होतं. नोटीस पहिलीच, घर सोडा अशी. नेटवरून नमुना उतरवलाय, त्यात खाली स्पष्ट छापलंय "शेरीफ".

हार्टफर्डची_सून
दादा, तुम्हाला शेरीफ सापडणारच नाही. कनेटिकटमध्ये तो 2000 सालापासून अस्तित्वातच नाही.

आधी 8 काउंट्यांना 8 हाय शेरीफ होते, 4 वर्षांसाठी निवडून येणारे. काउंट्यांचं सरकार 1960 मध्येच गेलं होतं, पण पद राज्यघटनेत असल्यामुळे साध्या कायद्याने हलवता येईना. मग 7 नोव्हेंबर 2000 ला घटनादुरुस्तीवर मतदान झालं (त्याच दिवशी बुश विरुद्ध गोर, आणि आमचा लिबरमन उपाध्यक्षपदाला), लोकांनी "हो" म्हटलं आणि डिसेंबरपासून पद संपलं. काम दोघांत वाटलं. कोर्टाची सुरक्षा आणि कैद्यांची ने-आण ज्युडिशियल मार्शलकडे. ते कोर्टाचे पगारी नोकर. कागद बजावणं आणि घर रिकामं करवणं स्टेट मार्शलकडे. त्यांना सरकारी पगार नाही, ज्याचं काम तो फी देतो. तुम्हाला हवा स्टेट मार्शल. कोर्टाच्या वेबसाइटवर काउंटीवार यादी आहे, मिडलसेक्सखाली बघा.

थंडीने_गारठलेला
काउंटी गेली पण यादी काउंटीवार! 2022 पासून तर जनगणनावालेही तिथे काउंट्यांऐवजी 9 विभाग धरतात.

इझलिनचा_इनामदार
म्हणजे लोकांचा हक्क काढून घेतला. निवडलेला माणूस निदान मत मागायला दारात येतो.

हार्टफर्डची_सून
दारात यायचा, आणि निवडून आला की डेप्युटीच्या जागा आपल्या माणसांना वाटायचा. कागद बजावायची फी त्या डेप्युटींना मिळायची, म्हणून जागेला भाव. माझे सासरे तेव्हापासून इथे आहेत, "सोसायटीच्या चेअरमनसारखा कारभार" म्हणायचे. आणि हक्क काढला तो लोकांनी स्वतः मत देऊन.

इझलिनचा_इनामदार
लोकांनी मत देऊन परतही आणलाय. फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीने 1966 मध्ये निवडून येणारा शेरीफ बंद केला, 2018 मध्ये फ्लोरिडाच्या घटनेत दुरुस्ती झाली, 2024 ला पुन्हा निवडणूक. बोला!

हार्टफर्डची_सून
ती दुरुस्ती अख्ख्या राज्याने केली, एकट्या मायामीने नाही.

चावडीवरचा
आपल्याकडे पाटीलकी अशीच गेली. वंशपरंपरेचं वतन 1 जानेवारी 1963 पासून बंद, मग 1967 च्या कायद्याने पोलीस पाटील नेमायला लागले. आजोबांकडे शिक्का होता, अजून फडताळात आहे. फोटो टाकू का?

गिरगावची_गौरी
शेरीफ मुंबईतही असतो की! नगरपाल. गावसकर होते, दिलीपकुमार होते. मानाचं पद, वर्षभराची नेमणूक. 😀

पन्हं_हवं
पाटीलकीचा वेगळा धागा काढा कृपया. हार्टफर्डताई, यादी सापडली, आभार. पण मार्शललाच पैसे कशाला? क्रॉमवेलला मित्र आहे, तो कागद हातात देईल.

हार्टफर्डची_सून
घर सोडण्याची पहिली नोटीस ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही असा माणूस देऊ शकतो. पण उद्या भाडेकरू म्हणाला "मिळालीच नाही", तर मित्राला कोर्टात उभं करणार का? पुढचं समन्स मार्शलच बजावतो, तेव्हा सुरुवातीपासून तोच धरा. आणि तो नेटवरचा नमुना फेकून द्या, कोर्टाचा स्वतःचा फॉर्म आहे. सोडायच्या तारखेआधी पूर्ण 3 दिवस हवेत, बजावल्याचा दिवस त्यात धरू नका. कंडो स्वतःच्या नावावर आहे ना? एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर तुम्ही स्वतः कोर्टात उभे राहू शकणार नाही.

टेक्सासतात्या
आमच्याकडे कॉन्स्टेबलने एका फेरीत

खडीसाखर
तात्या, क्रॉमवेल डॅलसमध्ये नाही.

पन्हं_हवं
नाव माझं आणि बायकोचं. एका मार्शलशी आत्ताच बोललो, परवा नेऊन देतो म्हणाला. एक राहिलं: भाडेकरूने शनिवारी 500 डॉलर पाठवलेत. खात्यात जमा झालेत. चांगलंच आहे ना?

हार्टफर्डची_सून
हे आत्ता सांगताय? कुठल्या महिन्याचे म्हणून पाठवलेत? नोटीस गेल्यावर भाडं म्हणून एक डॉलर जरी घेतलात तरी ती नोटीस पडू शकते. घ्यायचेच तर भाडं म्हणून नाही, नुसत्या घर वापरल्याचे म्हणून, तेही लेखी कळवून. आणि शनिवारच्या 500 बद्दल, तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, मार्शल दारात जायच्या आत अर्धा तास वकिलाशी बोला.

पन्हं_हवं
मेमोमध्ये फक्त "थँक्स" लिहिलंय. तिकडे सकाळचे 9 वाजले की वकिलाला फोन लावतो. म्हणजे आज संध्याकाळी, निदान जागरण तरी टळलं.

चावडीवरचा
शिक्क्याचा फोटो मोठा आहे, अपलोड होत नाहीये. कुणी मदत करेल का?