स्टॅटिक रूट देऊनही महापेचे सर्व्हर ऑफिसमधल्या संगणकांवरून मिळत नाहीत

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. आमचे हिशेबाचे आणि मालसाठ्याचे तीन सर्व्हर आम्ही मागच्या महिन्यात महापे येथील डेटा सेंटरमध्ये हलवले आणि दोन्ही ठिकाणे जोडण्यासाठी लीज्ड लाइन (भाड्याची स्वतंत्र जोडणी) घेतली. इंटरनेटचे ब्रॉडबँड वेगळे आहे, पण दोन्ही एकाच राउटरला जोडलेली आहेत. ऑफिसचे नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४ आणि सर्व्हरचे १०.२०.३०.०/२४ आहे. लाइनच्या आमच्या टोकाला १७२.१६.५.१ आणि महापेच्या राउटरला १७२.१६.५.२ हा पत्ता आहे.

सर्व्हरच्या नेटवर्कसाठी मी आमच्या राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) दिला. प्रथम त्यात गेटवे (पुढचा थांबा) म्हणून १०.२०.३०.१ लिहिले होते, तेव्हा रूट सक्रियच होईना. तो १७२.१६.५.२ केल्यावर रूट सक्रिय झाला. आता राउटरवरून पिंग (उत्तर येते का याची चाचणी) केले की दोन सर्व्हर उत्तर देतात, तिसरा देत नाही. ऑफिसमधल्या संगणकांवरून मात्र तिघांपैकी एकही उत्तर देत नाही. ट्रेसरूटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणारी चाचणी) आमच्या राउटरपुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तर नाही, असे दिसते. महिनाअखेरीचे काम अडले आहे, त्यामुळे नेमकी चूक कुठे आहे ते कृपया सांगावे.

उत्तर (ऐरोली)

आपला रूट बरोबर आहे. गेटवे नेहमी राउटरला थेट जोडलेल्या नेटवर्कमधलाच असावा लागतो. पलीकडच्या सर्व्हरचा गेटवे तिथे चालत नाही, म्हणूनच पहिला प्रयत्न फसला.

अडचण परतीच्या वाटेची आहे. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेटवर (पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यावर) पाठवणाऱ्याचा पत्ता १७२.१६.५.१ असतो, आणि हे नेटवर्क महापेच्या राउटरला थेट जोडलेले असल्यामुळे त्याला ते ठाऊक असते. ऑफिसमधल्या संगणकाचे पॅकेट मात्र १९२.१६८.१०.० मधला पत्ता घेऊन जाते; ते सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण उत्तर परत पाठवताना त्या नेटवर्कचा रूट न सापडल्याने महापेचा राउटर ते आपल्या डिफॉल्ट रूटने इंटरनेटकडे ढकलतो आणि तिथे ते नष्ट होते. खात्री करायची असेल तर राउटरवरूनच, पण सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता म्हणून राउटरचा ऑफिसकडचा पत्ता, समजा १९२.१६८.१०.१, देऊन पिंग करून पाहा. उत्तर आले नाही तर निदान पक्के. मग महापेच्या राउटरवर डेस्टिनेशन १९२.१६८.१०.०, मास्क (नेटवर्कचा आवाका) २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १७२.१६.५.१ असा रूट लिहावा लागेल.

तिसऱ्या सर्व्हरचे दुखणे वेगळे दिसते. तो शेजारच्या दोन सर्व्हरना उत्तर देतो का, आणि त्याचा डिफॉल्ट गेटवे काय आहे, हे कळवावे.

उत्तर (कोपरी, ठाणे)

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. महापेच्या बाजूला कोणी हात लावायला तयार नसेल, तर लाइनच्या पोर्टवर नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून राउटरचा लावणे) लावण्याचा मोह होतो, आणि तेवढ्याने काम चालूही होते. पण मग सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे ऑफिस १७२.१६.५.१ या एकाच पत्त्याने दिसते आणि हिशेबाच्या नोंदीत कोणत्या संगणकावरून बदल झाला हे कधीच शोधता येत नाही. हिशेबाच्या सर्व्हरबाबत हा मार्ग मी मुळीच सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच करून ठेवावी. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तरी राउटर आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या केबलशी जोडणारी पेटी) यांमधली केबल जोडलेलीच असते. अशा वेळी पोर्ट चालू दिसू शकतो, रूट सक्रिय राहतो आणि पॅकेट मात्र कुठेच पोहोचत नाहीत. राउटरमध्ये गेटवेला ठरावीक वेळाने पिंग करून रूट तपासण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. पुढे ब्रॉडबँडवरून व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी जोडणी) घेतलात, तर त्याच डेस्टिनेशनचा दुसरा रूट जास्त डिस्टन्स (रूटच्या पसंतीक्रमाचा आकडा; लहान तो आधी) देऊन लिहावा, म्हणजे पहिला पडल्यावरच तो कामाला लागेल. हे दोन्ही टोकांना करावे लागते. एकाच टोकाला केले तर लाइन तुटल्यावर आजचीच अडचण पुन्हा उभी राहील.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. सोर्स पत्ता देऊन केलेल्या पिंगला उत्तर आले नाही. महापेच्या राउटरवर परतीचा रूट लिहून घेतला आणि दोन्ही सर्व्हर लगेच सगळ्या संगणकांवरून मिळू लागले. तिसरा सर्व्हर शेजारच्या दोघांना उत्तर देतो, पण त्याचा डिफॉल्ट गेटवे १०.२०.३०.२५४, म्हणजे इंटरनेटच्या फायरवॉलचा आहे. त्यावर विंडोज आहे आणि तो गेटवे बदलता येणार नाही.

उत्तर (ऐरोली)

मग गेटवे तसाच ठेवून त्या सर्व्हरवरच १९२.१६८.१०.० आणि १७२.१६.५.० या दोन्ही नेटवर्कसाठी गेटवे १०.२०.३०.१ असलेले रूट लिहा. दुसऱ्याचा मास्क २५५.२५५.२५५.२५२ असेल, पण आपल्या लाइनच्या पोर्टवर जो आहे तोच घ्या. विंडोजच्या रूट कमांडला ‘पी’ हा पर्याय जोडायला विसरू नका, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू होताच दोन्ही रूट नाहीसे होतील.