गुडघ्यामुळे खेळ सुटला, कॉमेंट्रीत जायचंय. नाशिकमधून सुरुवात कुठून करू?

ऑफस्पिनर_नाशिकरोड
नमस्कार. मी ऑफस्पिन टाकायचे. जिल्ह्याकडून खेळले, महाराष्ट्राच्या निवड चाचणीपर्यंत पोचले आणि तिथेच गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, चालणं-फिरणं व्यवस्थित आहे, पण पुढच्या पायावर जोर देऊन चेंडू टाकणं आता होत नाही. बी.कॉम. झालंय. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

मध्यंतरी सातपूरला टेनिस बॉलची स्पर्धा होती. समालोचक वेळेवर आला नाही, म्हणून आयोजकांनी माझ्या हातात माइक दिला. दोन सामने बोलले. एक काका मुद्दाम मांडवात येऊन म्हणाले, "पोरी, तो बाद कसा झाला ते आज पहिल्यांदा कळलं." तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

भारताकडून न खेळलेल्या मुलीला कुणी उभं करतं का? माझं इंग्रजी बेताचंच आहे. मुंबई गाठावीच लागेल का?

पॅव्हेलियन_एंड
खरं सांगू का, टीव्हीवर बसतात त्या सगळ्या आंतरराष्ट्रीय खेळाडू. बँकेची परीक्षा दे, हौस म्हणून माइक धर.

स्टंपामागची_ताई
वरच्या दादांचं अर्धंच खरं आहे.

मी नाशिकचीच. यष्टिरक्षक होते, राज्याकडून खेळले. आता सकाळी मुलींना शिकवते आणि यूट्यूबवर जाणाऱ्या सामन्यांचं मराठी समालोचन करते. त्यामुळे जे करते त्यातलंच सांगते.

टीव्हीच्या मोठ्या प्रक्षेपणात समालोचनाला मोठ्या खेळाडू असतात, हे खरं. अंजुम चोप्रा भारताची कर्णधार होती. ईशा गुहा २००९ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघात होती. लिसा स्थळेकर जन्मली पुण्यात आणि झाली ऑस्ट्रेलियाची कर्णधार. पण चंद्रा नायडूंचं नाव ऐकलंयस? भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या कन्या, इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका. कॉलेजात क्रिकेट खेळल्या, भारताकडून कधीच नाही. तरी १९७० च्या दशकात त्या समालोचनाला बसल्या, आणि देशातली पहिली महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुण्याची स्नेहल प्रधानही बघ. ती भारताकडून वेगवान गोलंदाजी करायची. खेळ थांबल्यावर लिहायला लागली, स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं, कॉमेंट्री केली आणि पुढे आयसीसीत महिला क्रिकेटचं काम बघायला गेली. तिने बोलण्याइतकंच लिहिलंय, हे विसरू नकोस.

आता मराठीचं. आकाशवाणीवर बाळ पंडित मराठीत धावतं वर्णन करायचे, घरच्या मोठ्यांना विचार, आवाजासकट आठवेल त्यांना. मधली बरीच वर्षं मोठ्या सामन्यांना मराठी ऐकूच यायची नाही. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल मराठीतही दाखवली. म्हणजे या कामाला मराठी बोलणारी माणसं लागतात आणि त्यांत बायका अजून फार थोड्या आहेत. तुझं बेताचं इंग्रजी इथे आड येत नाही. मराठी मात्र बेताची चालणार नाही. शब्द तोंडात तयार हवेत, चेंडू थांबत नसतो.

कॉमेंट्री बॉक्समध्ये, म्हणजे समालोचकांच्या खोलीत, दोन कामं असतात. एक जण मुख्य बोलतो: गोलंदाज कोण, धावा किती, चेंडू कुठे गेला. दुसरा तज्ज्ञ, तो चेंडू झाल्यावर 'का' ते सांगतो. तज्ज्ञाच्या खुर्चीला मोठं नाव लागतं. मुख्य समालोचकाला आवाज, भाषा आणि खेळाची समज लागते. तुला तिथूनच शिरायचंय.

त्या काकांना जे आवडलं तेच तुझं भांडवल. समज, फलंदाज यष्टिचीत झाली. माइक हातात असलेला कुणीही म्हणेल, "पुढे आली, चुकली, बाद!" तू ऑफस्पिनर आहेस. तुला दिसलेलं असतं की आधीचे दोन चेंडू सपाट आणि जोरात होते, त्यामुळे फलंदाज क्रीजमध्ये अडकली होती. तिसऱ्याला गोलंदाजाने हात तसाच फिरवला, पण चेंडू जरा आधी सोडला, वर दिला. फलंदाजाला वाटलं हा आपला. टप्पा एक हात अलीकडे पडला आणि बॅट जिथून फिरली तिथे चेंडू नव्हताच. हे दोन वाक्यांत, पुढचा चेंडू पडायच्या आत सांगता आलं पाहिजे. मी स्टंपामागे उभं राहून गोलंदाजांचे हात वाचले, आज माझं समालोचन त्याच्यावरच चालतं.

आणि गप्प राहायला शिक. रेडिओवर गप्प राहिलं तर ऐकणाऱ्याला सामना बंद पडल्यासारखं वाटतं. तिथे वारा कुठून, क्षेत्ररक्षक कुठे, धावसंख्या काय, सगळं बोलायचं. कॅमेरा असला की दिसतंय ते पुन्हा सांगू नये. आमच्या टेनिस बॉलच्या मांडवात अखंड बोलायची सवय लागते. ऊर्जा तिथली घे, अखंडपणा तिथेच ठेव.

मुंबई लगेच नको. हेडफोनमधून कानात प्रक्षेपणाचा दिग्दर्शक बोलत असताना तोंडाने वाक्य पूर्ण करायचं, ही कसरत नाशिकच्या यूट्यूब सामन्यांतही शिकता येते. पैसे सुरुवातीला फार थोडे मिळतात आणि तेही उशिरा. म्हणून पोटापाण्याचं दुसरं काही हातात ठेव, बँक असेल तर बँक.

धावफलक_काका
ताईंच्या बोलण्यात भर घालतो. आधी स्कोअरिंग शिक. चेंडूगणिक वही लिहिणारीला विचारावं लागत नाही की या गोलंदाजाने डावखुऱ्याला किती चेंडू टाकले. जानेवारी २०२५ मध्ये गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. असे सामने बघायला वही घेऊन जात जा. जिल्ह्याच्या सामन्यांना माझ्या टेबलाशेजारी खुर्ची मोकळी असते.

ऑफस्पिनर_नाशिकरोड
ताई, काका, मनापासून आभार. काका, पुढच्या सामन्याला येतेच. ताई, एकच विचारते. सातपूरचा व्हिडिओ टाकला त्याखाली दोघांनी लिहिलं की बाईचा आवाज किरकिरा वाटतो. ते मनातून जात नाही.

स्टंपामागची_ताई
मलाही लिहितात, आणि मला अजूनही राग येतो. यायलाच हवा. आवाज बाईचा आहे हा दोष नाही, त्यात बदलायचंही काही नाही.

कामाची गोष्ट वेगळी आहे. चेंडू पडायच्या आधीच आवाज चढवला की पुढे चढायला जागा उरत नाही, आणि हे बाप्यांचंही होतं. गोलंदाज धावत येताना खाली बोल, श्वास पोटातून घे, बॅटला लागल्यावर वर जा. सामना चालू असताना कॉमेंट्स उघडायच्या नाहीत, नंतर घरच्या कुणाला तरी वाचायला दे.

आता काम देते. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, महिला विश्वचषकाची फायनल. दीप्ती शर्माचे पाच बळी. तुझ्यासारखीच ऑफस्पिनर. आवाज बंद करून तिचे चेंडू लाव आणि फोनवर स्वतःला रेकॉर्ड कर. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्डचा झेल आपल्या अमनज्योतच्या हातांतून निसटत निसटत शेवटी टिकला, तो दोनदा बोल: एकदा टीव्हीसाठी, एकदा रेडिओसाठी. दोन्ही मला मेसेजमध्ये पाठव. रविवारी ऐकते आणि कळवते.