रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधला एक दिवस (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-२०४ : नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं इटलीला चाललोय. रोमहून फ्लॉरेन्सला जाताना मध्ये एक दिवस मोकळा आहे. डोंगरावरचं एखादं जुनं गाव बघायचंय. बॅगा मोठ्या आहेत आणि ह्याचा गुडघा कुरकुरतो. कोणी जाऊन आलंय का?

सी-१०१ : सान जिमिन्यानो! डोळे झाकून जा. १४ जुने मनोरे अजून उभे आहेत. गाडी भाड्याने घ्या, वाटेतला टस्कनी प्रांतही बघून होतो.

बी-५०३ काकू : अरे, तिथे रेल्वे जात नाही. पोज्जिबोन्सीला उतरून पुढे बस, बॅगांसकट. आणि गाडीचं नाव नको. माझ्या भाच्याने हौसेने घेतली होती. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, पाटी इटालियनमध्ये, वर कॅमेरा. घरी आल्यावर कित्येक महिन्यांनी दंडाची पत्रं आली.

सी-१०१ : काकू, पाटी वाचता येत नसेल तर चालवू नये 😄

बी-५०३ काकू : तेच तर म्हणतेय.
ए-२०४, तू ओर्व्हिएतोला जा. आम्ही दोघं मागच्या वर्षी गेलो होतो. रोम–फ्लॉरेन्स जुन्या मार्गावरच आहे, रोमहून साधारण सव्वा तास. मात्र रिजनल, म्हणजे साधी गाडी बघ, वेगाच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड.

ए-२०४ : पण गाव तर वर आहे ना?

बी-५०३ काकू : चांगलंच वर, उभ्या कड्यावर. पण स्टेशनच्या समोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी चढाची छोटी रेल्वे निघते. दोन-तीन मिनिटांत बॅगांसकट माथ्यावर. १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरचा डबा पाणी भरून जड करायचा, तो खाली येताना दुसऱ्याला वर ओढायचा. आता विजेवर आहे. वर कॅथेड्रलपर्यंत छोटी बस मिळते, गुडघ्याची काळजी नको.

ए-२०४ : वा! आणि बघायचं काय काय?

बी-५०३ काकू : फ्युनिक्युलरमधून उतरलीस की चार पावलांवर सान पात्रिझिओची विहीर. ती सोडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.
१५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. कडा असा की शत्रू चढणार नाही, पण वेढा पडला तर प्यायचं काय? म्हणून आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खोदायला सांगितली. ५० मीटरहून जास्त खोल, आणि आत दोन गोल जिने. एकमेकांभोवती फिरत खाली जातात, पण मध्ये कुठेच मिळत नाहीत. खेचरं एकाने उतरायची, तळाशी पाणी लादून छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि दुसऱ्याने वर. समोरून कोणी येतंय म्हणून थांबायलाच नको.

सी-१०१ : पाचशे वर्षांपूर्वी त्यांना खेचरांचं जमलं आणि आपल्या बिल्डरला पार्किंगच्या रॅम्पचं जमलं नाही.

सेक्रेटरी : रॅम्पचा विषय मिटिंगमध्ये. इथे नको.

बी-५०३ काकू : 😂 बरं, पायऱ्या २४८. खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि बुटक्या. तरी उतरलं तेवढं चढावं लागतंच. भिंतीत ७० खिडक्या आहेत, त्यांतून मधल्या पोकळीत डोकावत जायचं. खाली जाऊ तसा उजेड कमी आणि अंगाला गारवा. पलीकडच्या जिन्यावरची माणसं समोरच्या खिडक्यांत दिसतात, पण भेट होत नाही! आमचे हे वर चढायला लागले होते तेव्हा मी त्यांना खालून हात करत होते. तुझ्या नवऱ्याला शेजारच्या अल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसव. खालचं सगळं खोरं दिसतं.

बी-५०३ काका : विहीर पुरी व्हायला १५३७ उजाडलं. क्लेमेंट १५३४ मध्येच वारला होता.
कॅथेड्रलबद्दल मी लिहितो, हिने विहिरीतच दिवस घालवला. १२९० मध्ये काम सुरू झालं. दर्शनी भाग दुपारनंतर बघा, ऊन समोरून पडतं आणि मोझाइकचं सोनं उठून दिसतं. पण सगळे वर बघत फोटो काढतात आणि खालचं कोरीवकाम राहून जातं. डावीकडे उत्पत्तीची कथा, आदमच्या फासळीतून हव्वा. उजवीकडे शेवटचा न्याय. अगदी डोळ्यांच्या उंचीपासून सुरुवात आहे.

ए-२०४ : आत जायला तिकीट आहे का?

बी-५०३ काका : आहे, आणि आतल्या सान ब्रिझिओ चॅपलसाठी ते वसूल. छतावरच्या चित्रांचं काम फ्रा अँजेलिको या चित्रकाराने १४४७ मध्ये धरलं आणि अर्धवट सोडलं. १४९९ मध्ये सिन्योरेल्ली या दुसऱ्या चित्रकाराने हाती घेतलं. एका भिंतीवर ख्रिस्तविरोधक, म्हणजे येशू असल्याचं सोंग घेणारा तोतया, प्रवचन देतोय. चेहरा हुबेहूब येशूचा, आणि मागून सैतान कानाशी लागलाय. हाताकडे बघा. झग्यातून आलेला तो हात त्याचा की सैतानाचा, ठरवता येत नाही. आम्ही दोघं त्यावरून वाद घालत उभे होतो. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोन पुरुष, ते स्वतः सिन्योरेल्ली आणि फ्रा अँजेलिको.
खांदे झाकलेले हवेत, ओढणी ठेवा.

ए-३०२ : आम्हीही दिवाळीत जायचं म्हणतोय. शाकाहारीचं काय?

बी-५०३ काकू : उंब्रिकेल्ली म्हणून जाड, हाताने वळलेल्या शेवयांसारखा पास्ता असतो. टोमॅटो-मिरचीचा घ्या. वरून पार्मेजान चीज नको म्हणा, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. सूप मागवताना मटणाच्या पाण्यातलं नाही ना, ते विचारा. पाव अळणी असतो, तिथे तसाच खातात. आणि दुकानांच्या दारात रानडुकराची मुंडकी लावलेली असतात, मुलांना आधी सांगून ठेवा.
जेवण दोनच्या आत उरका. नंतर स्वयंपाकघर बंद, ते थेट संध्याकाळी.

सी-१०१ : मग त्याच दिवशी जवळचं चिविता दि बान्योरेज्जो गावपण करा.

बी-५०३ काकू : नको रे! बस मोजक्याच, आणि पुढे चढाचा पायी पूल. ए-२०४ च्या नवऱ्याच्या गुडघ्याला तो जमायचा नाही. उलट ओर्व्हिएतोत वरच मुक्काम करा. दिवसाची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी उतरून जाते, मग गल्ल्या मोकळ्या.

ए-२०४ : ह्याला वाचून दाखवलं. म्हणतोय, विहिरीत मीही उतरणार, बागेत बसायला इटलीला कशाला जायचं. एक रात्र वर राहतोय. काकू, थँक्यू!

सेक्रेटरी : ए-२०४, फ्लॅटची चावी कोणाकडे देऊन जाणार? तुम्ही नसताना टाक्या धुवायच्या आहेत, तुमच्या डक्टमधून व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.

ए-२०४ : बी-५०३ कडे.