‘२१.५ प्रत प्रति चौरस विकला’: प्रत वाढली म्हणायचं का?

मृगशीर्ष: एसक्यूएमच्या, म्हणजे रात्रीच्या आभाळाचा उजेड मोजणाऱ्या मीटरच्या, नोंदी मराठीत लिहायच्या आहेत. ‘मॅग्निट्यूड पर स्क्वेअर आर्कसेकंद’साठी ‘तेजस्विता’ बरं की ‘प्रत’? आणि ‘स्कायग्लो’ला, म्हणजे दिव्यांमुळे आभाळात पसरणाऱ्या उजेडाला, काय म्हणावं?

कालदर्शी: प्रतच. ‘पहिल्या प्रतीचा तारा’ रुळलेलं आहे आणि आर्कसेकंदाला (अंशाचा ३६०० वा भाग) विकला आहेच. ‘तेजस्विता २१.५’ वाचलं की आकडा मोठा तेवढा उजेड जास्त असं वाटतं. इथे नेमकं उलट. नैसर्गिक काळोख २२च्या आसपास, १९.५ म्हणजे त्याच्या दहापट उजळ आभाळ, कारण २.५ प्रतींचा फरक म्हणजे १० पट. म्हणून ‘प्रत वाढली’ लिहूच नये. ‘आभाळ गडद झालं’ किंवा ‘उजळलं’ लिहून पुढे आकडा द्यावा. ‘आभाळ काळं झालं’ नको, वाचणारा छत्री शोधेल.

रोहिणी: सरासरीतही हाच घोळ होतो. २० आणि २२ यांची सरासरी २१ नव्हे. प्रत हे लॉगचं माप. आधी उजेडात बदला, सरासरी काढा, मग परत प्रतीत आणा. उत्तर २०.६ येतं.

मृगशीर्ष: आणि २२.३ आली तर?

रोहिणी: मोजणी तपासा. झाडाखाली मीटर धरला की फांद्या आभाळ झाकतात आणि आकडा फुगतो. पेंचसारख्या जंगलात हे हमखास. जुन्या एसक्यूएमला जेवढं आभाळ दिसतं तो कोन मोठा, भिंगवाल्या एसक्यूएम-एलचा सुमारे २० अंश, त्यामुळे मोकळ्या जागेतही मॉडेल नोंदवा. ढगांचं तर दोन्ही बाजूंनी: शहरावर ढग आले की आकडा उतरतो, लडाखमधल्या हानलेसारख्या काळोखात चढतो. आकाशगंगा डोक्यावर असली तर प्रदूषण नसतानाही उतरतो. मोजताना चंद्र मावळलेला, सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांहून जास्त, मीटर खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट डोक्यावर. मीटरला बाहेरच्या थंडीत थोडा वेळ राहू द्या, पहिलं वाचन टाकून द्या.

कालदर्शी: ‘स्कायग्लो’ला ‘आभाळउजेड’ सुचवतो. ‘झळाळी’त कौतुक आहे. शिवाय हा शब्द फक्त हवेत विखुरून खाली येणाऱ्या उजेडासाठी राखा. उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस संवेदक वर जाणारा उजेड मोजतो, तोही ५०० ते ९०० नॅनोमीटरमधला. सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तर निळा भाग त्याला दिसत नाही. त्याच्या नकाशात गाव मंदावतं आणि आभाळउजेड वाढलेला असू शकतो, कारण निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. नकाशावरून प्रत काढायला मध्ये विखुरण्याचं गणिती प्रतिमान लागतं. ढोबळ अंदाजाला वॉकरचा नियम पुरतो: शहरापासूनचं अंतर दुप्पट, तर उजेड साधारण साडेपाच पटींनी कमी. अशा आकड्यापुढे ‘अंदाजित’ लिहा, मीटरच्या आकड्यापुढे ‘मोजलेली’.