बाजार जवळ आहे, पण कोणाला? – सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०३: सगळ्यांना नमस्कार. माझ्या प्रबंधाचा विषय नक्की झाला. शहरात ताजं अन्न कोणाला सहज मिळतं आणि कोणाला नाही, ते शोधायचंय. प्रत्येक वस्तीपासून बाजाराचं अंतर नकाशावर मोजणार आहे. सी-५०१ काका, तुम्ही आयुष्यभर नगररचनेत होता. एवढं पुरेल का?

सी-५०१: अभिनंदन बाळा! पण नुसतं अंतर नाही पुरणार. 'अन्नाचं वाळवंट', म्हणजे जिथे जवळपास ताजं अन्न सहज मिळत नाही अशी वस्ती, हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधून आला. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यानं असेच नकाशे केले. शहरात सुपरमार्केट १ मैलाच्या पलीकडे असेल तर ती वस्ती दूरची. त्यात मोठी दुकानं धरली होती. हातगाडी, फुटपाथवर बसणारी बाई, आठवडी बाजार हे त्या मोजणीत येतच नाहीत. जिथे गरीब माणूस रोजची खरेदी यांच्याकडूनच करतो, तिथे असा नकाशा भरलेल्या वस्तीला रिकामी ठरवेल. आधी पायी फिरून विक्रेते नोंदव. सकाळी वेगळे असतात, संध्याकाळी वेगळे.

बी-१०४: पण काका, मोठं दुकान जवळ आलं तर लोकांचं खाणं सुधारेलच ना?

सी-५०१: तिथेच गंमत आहे. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवं सुपरमार्केट उघडल्यावरही आसपासच्या कुटुंबांची खरेदी जवळपास तशीच राहिली. श्रीमंत आणि गरीब घरांच्या आहारात जो फरक आहे, त्यातला जेमतेम १० टक्के दुकानांच्या उपलब्धतेमुळे, बाकीचा मागणीमुळे, असा त्यांचा हिशोब.

डी-३०२: मागणी म्हणजे काय हो? गरिबाला चांगलं खायला नकोच असतं? हे मला अजिबात पटत नाही. दिवसभर राबून रात्री घरी पोचणाऱ्या बाईला निवडायला-चिरायला वेळ नाही, इंधन जपून वापरायचं, उरलं तर ठेवायला फ्रिज नाही. ती लवकर शिजेल, पोट भरेल आणि वाया जाणार नाही असंच घेणार. हिशोबात ती तिची 'मागणी' म्हणून लिहिली जाते. मी तर याला अडचणच म्हणेन.

ए-२०३: काकू, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. वेळ, इंधन आणि साठवण हे तिन्ही प्रश्न यादीत घालते.

सी-५०१: वहिनींचं बरोबर आहे. १९९६ च्या रोममधल्या जागतिक अन्न परिषदेतली अन्नसुरक्षेची व्याख्या बघ. सर्व लोकांना, सर्व काळ, प्रत्यक्ष आणि आर्थिकदृष्ट्याही अन्न मिळालं पाहिजे. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं. त्यांच्या मते धान्याची एकूण टंचाई हे मूळ कारण नव्हतं. लाखो लोकांची ते मिळवण्याची ताकद संपली होती.

बी-१०४: मग महानगरपालिकांनी करायचं तरी काय?

सी-५०१: ब्राझीलच्या बेलो ओरिझोंची शहराचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. १९९३ मध्ये तिथल्या पालिकेनं अन्न हा नागरिकांचा हक्क मानला आणि त्यासाठी वेगळा विभागच काढला. विक्रेत्यांना शहरातल्या मोक्याच्या पालिकेच्या जागा दिल्या, पण अटीवर. ठरावीक माल पालिकेनं ठरवलेल्या कमी दरात विकायचा आणि शनिवार-रविवारी गाडी घेऊन गरीब वस्त्यांत जायचं. म्हणजे सार्वजनिक जागेच्या बदल्यात सार्वजनिक काम. मंडईचा अभ्यास करशील तेव्हा हे नक्की विचार: जागा कोणाची, परवाना कोणाला, आणि बदल्यात शहराला काय मिळतं?

ए-२०३: घाऊक बाजारही बघू का? विषय फार पसरेल अशी भीती वाटते.

सी-५०१: थोडा तरी बघच. पॅरिसचा मध्यवर्ती घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजिसला गेला. कारणं खरी होती: कोंडी, अस्वच्छता, अपुरी जागा. पण घाऊक बाजार लांब गेला की छोट्या विक्रेत्याचा माल आणण्याचा खर्च आणि वेळ वाढतो. म्हणून प्रत्येकाला विचार, माल कुठून आणता, किती वाजता निघता, वाहन कोणाचं.

डी-३०२: आणि गं, त्यांच्या गर्दीच्या वेळी वही घेऊन उभी राहू नकोस. दुपारी जा. आधी काहीतरी विकत घे, मग विचार. पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, हे बायकांना आवर्जून विचार. दिवसभर बसायचं असतं त्यांना.

सी-५०१: आणखी एक. परवाना नसलेल्यांची नेमकी जागा प्रबंधात छापू नकोस. तुझा नकाशा उद्या त्यांना उठवायला वापरला जाऊ शकतो. वस्तीनिहाय संख्या दे, ठिकाणं देऊ नकोस.

ए-२०३: हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, काका. मार्गदर्शकांशी आजच बोलते. नवी प्रश्नावली रविवारी ग्रुपवर टाकेन. घरात स्वयंपाक आणि खरेदी जे करतात त्यांनी कृपया आधी भरून बघा, कुठला प्रश्न अडतो ते मला कळेल.

डी-३०२: मी भरते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही विचारते, त्यांना वेळ असेल तर.